आधी पुस्तकं मोजा, मग सुताराला बोलवा

गेल्या अंकात बैठकीच्या खोलीतल्या लाकडी पॅनेलिंगबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक पत्रं पुस्तकांच्या खोलीविषयी निघाली, याचा मला मनापासून आनंद झाला. टीव्हीसाठी भिंत सजवून घेणारे पुष्कळ भेटतात, पुस्तकांसाठी भिंत मागणारे थोडे. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यांनाच.

*

प्रश्न : ताई, नमस्कार. कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. बाबांची साधारण २२०० पुस्तकं सध्या लोखंडी कपाटांत आणि पलंगाखालच्या खोक्यांत आहेत. ११ बाय १० फुटांची एक खोली त्यांच्यासाठी मोकळी करतोय. दोन भिंतींना खालपासून वरपर्यंत बांधीव कपाटं आणि उरलेल्या भिंतींना सागाचं पॅनेलिंग असं मनात आहे. मिस्त्री म्हणतात, कपाटं १५ इंच खोल करू, कप्पे चार-चार फुटांचे ठेवू, ऐसपैस दिसतील. १८ मिलिमीटरचा प्लाय पुरेल असंही म्हणतात. तुम्हाला काय वाटतं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मिस्त्रींना होकार देण्याआधी एक दुपार पुस्तकांना द्या. टेप घ्या आणि पुस्तकांचे उंचीप्रमाणे तीन ढीग करा. मराठी कादंबऱ्या, कथासंग्रह, ललित, चरित्रं यांतली बहुतेक पुस्तकं डेमी आकाराची असतात, म्हणजे साडेआठ इंच उंच आणि साडेपाच इंच रुंद. हा तुमचा सर्वांत मोठा ढीग होईल. त्याहून छोटी, जुनी क्राऊन आकाराची पुस्तकं दुसऱ्या ढिगात. दिवाळी अंक, कोश, चित्रांची पुस्तकं तिसऱ्या. कपाटाची सगळी मापं या तीन ढिगांतून निघतात. भिंतीच्या मापातून कपाट काढलं की पुस्तकं आयुष्यभर अडचणीत राहतात.

साडेपाच इंचांच्या पुस्तकाला १५ इंच खोल फळी कशाला हवी? त्यात दोन रांगा लागतात. मागच्या रांगेतली पुस्तकं नजरेला पडत नाहीत, हात लागत नाही, आणि कसर नेमकी तिथेच होते. वरच्या कप्प्यांना साडेनऊ इंचांच्या आतबाहेर खोली भरपूर झाली. यात पैशांचाही हिशेब आहे. प्लायचा ताव आठ बाय चार फुटांचा. करवतीची जाडी धरूनही त्याच्या चार फुटांतून साडेनऊ इंचांच्या पाच पट्ट्या निघतात. बारा इंचांना जरा कमी धरलं तर चार, आणि १५ इंचांच्या फक्त तीन. तीन पट्ट्यांच्या जागी पाच! हा फरक मिस्त्रींसमोर कागदावर मांडून दाखवा. चांगला कारागीर लगेच मान डोलावतो.

आता लांबी. मराठी पुस्तकं एका फुटात सरासरी पंधरा मावतात. २२०० पुस्तकांना साधारण १४७ फूट फळी लागेल. तुमच्या दहा फुटी भिंतीला खाली दोन फूट उंचीची बंद कपाटं ठेवून वर सात कप्पे काढले, की जवळपास ७० फूट मिळतात. दुसरी भिंत ११ फुटांची, त्यात दाराचे तीन फूट वजा करा, तिथे सात कप्प्यांत ५६ फूट. म्हणजे सव्वाशे फूट वर आणि बाकीचा तिसरा ढीग खालच्या कपाटांत. सगळं बसतं, पण फारसं काही शिल्लक राहत नाही. बाबांचं पुस्तकं घेणं चालूच असणार, तेव्हा दारावरची पट्टीही आत्ताच धरून ठेवा. कप्प्याची आतली उंची दहा इंच ठेवा. साडेआठ इंचांच्या पुस्तकावर बोटं घालून ते बाहेर काढायला तेवढी जागा लागते.

चार फुटांच्या कप्प्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. डेमी पुस्तकांच्या एका फुटाचं वजन सहा किलोच्या आसपास भरतं, कोशांचं त्याच्या दुप्पट. फळीवर सारखं वजन पसरलेलं असलं की तिची लांबी दुप्पट केल्यावर वाक सोळापट होतो. चार फुटांची १८ मिलिमीटरची फळी वर्षा-दोन वर्षांत मध्ये सेंटिमीटरभर खाली येते आणि एकदा बसलेला वाक पुस्तकं काढूनही पुरता जात नाही. तीच फळी अडीच फुटांवर आणली तर वाक एक षष्ठांशाहूनही कमी राहतो. तेव्हा अडीच फुटांवर उभी फळी घ्या आणि प्रत्येक आडव्या फळीच्या पुढच्या कडेला दीड इंच उंचीची सागाची पट्टी ठोका. तिने प्लायची कड झाकली जाते आणि फळीला ताठपणा येतो. कोशांच्या कप्प्यांना दोन फूटच ठेवा. मराठी विश्वकोशाचे खंड एका रांगेत लावून पाहा, मी हे का सांगते आहे ते हाताला कळेल.

खालची कपाटं १६ इंच खोल करा. वरची साडेनऊ, खालची सोळा, म्हणजे कमरेच्या जरा खाली साडेसहा इंचांचा कट्टा आपोआप तयार होतो. पुस्तक काढलं, तिथे टेकवलं, दोन पानं चाळली, हवं तर घेतलं नाहीतर परत ठेवलं. पुस्तकांच्या खोलीतलं निम्मं वाचन असं उभ्या उभ्याच होतं आणि त्याची सोय बहुतेक नकाशांत नसते.

वजनाचं तुम्ही विचारलेलं नाही, पण मला सांगायलाच हवं. राहत्या घराची जमीन भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला २०० किलोच्या हिशेबाने बांधतात. ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या मांडण्यांसाठी तोच आकडा ६०० आहे. तुमची कपाटं भिंतीलगत आहेत आणि खोलीचा मधला भाग मोकळा राहणार आहे, त्यामुळे सिमेंट-काँक्रीटच्या चांगल्या इमारतीत सहसा अडचण येत नाही. तरी कपाटांखाली तुळई कुठून जाते ते सोसायटीच्या नकाशावर पाहून घ्या. खोलीच्या मधोमध पाठीला पाठ लावून मांडण्या करायचा विचार पुढे आला, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नका.

पॅनेलिंगबद्दल. ११ बाय १० च्या खोलीत चारही भिंती लाकडाने मढवू नका. दोन भिंती पुस्तकांनी भरल्या की रंग आणि पोत पुरेसा येतो. उरलेल्या दोन भिंतींना साडेतीन फुटांपर्यंत पॅनेल करा, वर पांढरी भिंत राहू द्या. उजेड परतून येईल आणि बाबांना दिवसा दिवा लावावा लागणार नाही. खिडकीतलं ऊन थेट पुस्तकांच्या कण्यांवर येत असेल तर त्या भिंतीला कपाट नकोच, लाल आणि निळ्या कण्यांचे रंग काही उन्हाळ्यांत उडून जातात. पॅनेल बसण्याआधी वायरिंग पाइपातून फिरवून घ्या. वाचायच्या खुर्चीजवळचा प्लग पॉइंट हटकून विसरला जातो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं ते मुख्यतः आपल्या पुस्तकांसाठी. आपल्याला अख्खं घर नाही जमत, एक खोली जमते. पण विचाराचा क्रम तोच ठेवायचा, पुस्तकं आधी आणि भिंती नंतर. तुमच्या बाबांना हा नकाशा दाखवून त्यांच्याकडूनच कप्प्यांची वाटणी करून घ्या. कुठलं पुस्तक हाताशी हवं ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

*

प्रश्न : चिपळूणला आमचं चिऱ्याचं जुनं घर आहे. जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावर पाणी चढलं आणि आजोबांच्या संग्रहातली बरीच पुस्तकं गेली. उरलेली सध्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवली आहेत. आता माडीवर भिंतीत बसवलेली लाकडी कपाटं करायची आहेत. माडीची जमीन जुनी, तुळया आणि फळ्यांची आहे. ओल, वाळवी, बुरशी या सगळ्याची भीती वाटते. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. त्याच पुरात तुमच्या गावच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरलं होतं. तुम्ही माडी निवडलीत हे अगदी योग्य केलंत.

सर्वांत आधी पुस्तकं प्लास्टिकमधून बाहेर काढा. आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही आणि बुरशीला हवी तशी जागा मिळते. सुती कापडात बांधा. आपल्याकडे पोथ्या रुमालात बांधायची पद्धत होती ती यासाठीच, कापड धूळ अडवतं आणि हवा खेळू देतं.

मग जमीन. लाकडी माडीवर कपाट ठेवताना ते तुळयांना आडवं यायला हवं, म्हणजे वजन चार-पाच तुळयांत वाटलं जातं. तुळईला समांतर ठेवलं तर एकाच तुळईवर सगळा भार येतो. आणि कपाट भिंतीलगतच हवं, तुळयांची टोकं जिथे भिंतीत टेकतात तिथे. काम सुरू करण्याआधी ती टोकं उघडी करून पाहा. पावसाळ्यात भिंत पाझरते, तुळई आधी तिथेच कुजते आणि बाहेरून काही दिसत नाही. टोचणी घेऊन दाबा. आत सहज रुतली, तर आधी तुळईचं काम आणि मग कपाटाचं.

भिंतीत बसवलेलं कपाट म्हणालात, तर कोकणात ते भिंतीत 'बसलेलं' नको. चिऱ्याची भिंत पावसाळाभर ओल धरून असते. भिंत आणि कपाटाची पाठ यांत दोन ते तीन इंचांची पोकळी ठेवा. भिंतीवर उभ्या रिपा मारा, आडव्या मारू नका, म्हणजे हवा खालून वर वाहते. पोकळीला खाली कपाटाच्या पायाशी आणि वर छताजवळ जाळीच्या फटी ठेवा. दर्शनी बाजूने हे कपाट भिंतीत बांधल्यासारखंच दिसेल, बाजूची फट पॅनेलने झाकता येते. नैर्ऋत्येच्या, पाऊस झोडपणाऱ्या भिंतीला मात्र कपाट करूच नका. घरात मधली भिंत असेल तर ती पुस्तकांची.

वाळवी मातीच्या नळ्या करत भिंतीवरून वर येते. बांधीव कपाटाचा सर्वांत मोठा दोष हा, की त्यामागे काय चाललंय ते दिसत नाही. म्हणून प्रत्येक कपाटाच्या पाठीची निदान एक फळी स्क्रूवर ठेवा, खिळ्याने ठोकू नका, डिंकाने तर मुळीच चिकटवू नका. पावसाच्या आधी आणि नंतर ती काढून टॉर्चने आत पाहायचं. मातीची बोटभर नळी दिसली तरी पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलवा. नळी नुसती पुसून टाकली तर वाळवी दुसरी वाट काढते. कपाटाच्या तळाशी कडप्प्याची पट्टी घाला, म्हणजे पुसायचं पाणी लाकडाला लागत नाही.

दारं काचेची हवीत असं वाटत असेल तर जरूर करा, पण चौकटीत वर-खाली बारीक फटी ठेवा. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असते आणि बुरशी साधारण ६५ ते ७० च्या पुढे धरू लागते. आर्द्रता मोजणारं छोटं घड्याळासारखं यंत्र कपाटात ठेवा, फार महाग नसतं. ओल शोषणारं विजेचं यंत्र घेणार असाल तर ते खिडक्या बंद करूनच चालवावं लागतं, उघड्या खिडकीत ते दिवसभर कोकणची हवाच कोरडी करत बसेल. कपाटात दिवा लावून ऊब ठेवायची जुनी पद्धत पुस्तकांपाशी नको, कागद तापतो आणि आगीची भीती आहे. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळलेला ठेवा आणि त्याच्या भरवशावर राहू नका. डांबरगोळ्या तान्हं मूल असलेल्या घरात अजिबात नकोत.

आश्विनात आकाश निवळलं की एक-एक कप्पा रिकामा करून पुस्तकं सावलीत, वाऱ्यावर उभी उघडून ठेवा. उन्हात नको, जुना कागद पिवळा पडून तडकतो. मऊ ब्रशने कण्याच्या बाजूने धूळ झाडा. बांधणीच्या खळीवर कसर आणि झुरळं जगतात, ती कण्यापाशीच सापडतील.

*

प्रश्न : वाईला आमचा जुना वाडा उतरवला. तक्तपोशीच्या, म्हणजे लाकडी छताच्या, सागाच्या फळ्या आणि काही तुळया राखून ठेवल्या आहेत. त्यातून नव्या घरात पुस्तकांच्या खोलीला पॅनेलिंग होईल का? सुतार म्हणतो जुनं लाकूड नको, नवा प्लाय घ्या. (एक वाचक, वाई)

उत्तर : होईल, आणि सुंदर होईल. ते लाकूड कुणालाही विकू नका. इतकी वर्षं मुरलेला साग आज बाजारात मिळवायला पुण्याच्या टिंबर मार्केटमध्ये हिंडावं लागतं आणि तरी असा मिळेलच याची खात्री नसते.

तुमच्या सुताराचं नको म्हणणंही मी समजू शकते. त्याला खिळ्यांची धास्ती आहे. जुन्या फळीत हाताने घडवलेले चौकोनी खिळे मोडून आत राहिलेले असतात आणि रंध्याचं पातं एका खिळ्यावर जातं. त्यावर उपाय आहे. प्रत्येक फळीवरून आधी लोहचुंबक फिरवा, जिथे ओढ लागेल तिथे खडूने खूण करा, खिळा काढा किंवा तेवढा भाग कापून टाका. खिळ्याभोवती सागाला काळसर डाग पडलेला असतो, नजर बसली की तो चुंबकाच्या आधी दिसतो. हे काम तुम्ही घरच्यांनी करून दिलंत तर सुतार हसत काम घेईल. फळ्यांवर जुना तैलरंग असेल तर तो कोरडा घासू नका, जुन्या रंगांत शिसं असायचं. चुना असेल तर तोंडाला मास्क बांधून, ओल्या फडक्याने पुसत काढा.

फळीवर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतील तर ती जमिनीवर हलकेच आपटा. पिठासारखी भुकटी पडली तर आत कीड जिवंत आहे, अशी फळी वेगळी काढून औषध मारून घ्या. भुकटी पडली नाही तर जुनं घर आहे, कीड गेलेली आहे. फळीच्या कडेला फिकट, पांढुरका पट्टा दिसेल. तो बाहेरच्या सालीकडचा भाग. कीड तिथेच लागते, कापून टाका. गाभ्याच्या सागात तेल असतं, त्याला कीड सहसा शिवत नाही.

आता मुख्य गोष्ट, पॅनेल बांधायचं कसं. अख्ख्या लाकडाची फळी पावसाळ्यात आडवी फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. लांबीला फरक पडत नाही, रुंदीला पडतो. फूटभर रुंद सागाच्या फळीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. तिला चारही बाजूंनी डिंक लावून भिंतीला किंवा प्लायला चिकटवलं तर तिला हलायला जागा उरत नाही आणि एखाद्या मे महिन्यात ती मधोमध फाटते. म्हणून वाड्याच्या दारांना दिलहे, म्हणजे चौकटीतल्या फळ्या, बसवत तीच रीत धरा. उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट करायची, चौकटीला आतून खाच पाडायची आणि फळीची कड पातळ करून त्या खाचेत नुसती सोडायची. चौकटीच्या सांध्यांना डिंक, फळीला थेंबभरही नाही. खाचेत दोन्ही बाजूंना जरा जागा ठेवायची. फळी आत सरकेल, बाहेर येईल, पण फाटणार नाही आणि फट दिसणार नाही. पॉलिश मात्र फळी खाचेत घालण्याआधी तिच्या कडांना करून घ्या, नाहीतर उन्हाळ्यात फळी आक्रसली की कडेला न रंगलेली फिकट रेघ उघडी पडते.

फळ्या रंधून झाल्यावर दोन-तीन आठवडे त्याच खोलीत, मध्ये रिपा घालून रचून ठेवा. वाईच्या वाड्यातल्या हवेतून नव्या घराच्या हवेत त्यांना रुळू द्या. तुळया कापायच्या तर त्यातून कपाटांच्या चौकटी आणि कट्ट्याची फळी काढा. आतले कप्पे मात्र प्लायचेच करा, तिथे सुताराचं ऐका. जुना साग पुढे, जिथे हात आणि नजर पोचते तिथे वापरायचा.

*

प्रश्न : ठाण्याच्या फ्लॅटमध्ये पुस्तकांच्या भिंतीला सागाचं व्हिनिअर घ्यावं की लॅमिनेट? आणि प्लाय कुठला? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : व्हिनिअर म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, लॅमिनेट म्हणजे छापील कागदाचा कडक पत्रा. हात लागतो तिथे व्हिनिअर, मार लागतो तिथे लॅमिनेट. म्हणजे दारं आणि पॅनेल व्हिनिअरची, कपाटांच्या आत लॅमिनेट. लाकडासारखं छापलेलं लॅमिनेट खऱ्या सागाच्या पट्टीशेजारी लावू नका, दोन्ही बिघडतात. आत साधा फिकट, पांढऱ्याकडे झुकणारा रंग घ्या, कसर आणि भुकटी लगेच दिसते.

प्लायच्या तावावर आयएसआयचा शिक्का आणि त्याखाली मानकाचा क्रमांक पाहा. आयएस ३०३ हा नेहमीच्या कामाचा, आयएस ७१० मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा. कोरड्या आतल्या भिंतीला ३०३ चालतो, बाथरूमची भिंत पलीकडे असेल तर ७१० च घ्या. ७१० घेतलात तर तुकडा कापून घरी चार-पाच तास पाण्यात उकळा, थर सुटले तर ताव परत पाठवा. आणि रासायनिक वास कमी राहावा म्हणून ई-वन किंवा ई-झीरो प्रतीचा मागा, वाचायच्या बंद खोलीत याचा फरक पडतो.

*

प्रश्न : आमची कपाटं तयार झाली आहेत, पॉलिश कालच संपलं. पुस्तकं कधी लावू? आणि वरच्या कप्प्यांसाठी रुळावरची सरकती शिडी करायची फार हौस आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पुस्तकं अजून तीन ते चार आठवडे थांबू द्या. कपाटांची सगळी दारं उघडी, खिडक्या उघड्या, पंखा चालू. मेलामाइन आणि पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशची वाफ कागद शोषून घेतो आणि तो वास पुस्तकांतून नंतर निघत नाही. दार बंद करून रात्रभर ठेवा, सकाळी उघडून नाक आत घाला. काही जाणवलं नाही तर लावायला घ्या, खालच्या कप्प्यांपासून सुरुवात करा म्हणजे कपाटाला वजन खालून बसतं.

शिडीची हौस मला समजते, पण नऊ-साडेनऊ फुटांच्या छताला ती अडचणच होते. शिडी तिरपी लागते, दोन-अडीच फूट जमीन अडवते आणि रुळाचा भार तुमच्या कपाटाच्या चौकटीवर येतो. त्याऐवजी सागाचा दोन पायऱ्यांचा भक्कम स्टूल करून घ्या, खालच्या एका कपाटात बसेल अशा मापाचा. पायऱ्या दहा इंच रुंद, पायांना खाली रबर. वरच्या दोन कप्प्यांत जी पुस्तकं वर्षातून एकदा लागतात ती ठेवा आणि जड कोश तिथे कधीही ठेवू नका, ते कमरेच्या उंचीवर, कट्ट्याच्या लगेच वरच्या कप्प्यात.